कडेची छत्री

"अरे वा, अठ्ठ्याण्णव सालापासून बसते होय तुझी आई?" नगरपालिकेतल्या हेडक्लार्क कुरणेसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकाशी नेला. "मग फॉर्मात साल कोरं का सोडलंस, पोरी?"

मी टेबलाच्या अलीकडे उभी होते. माझ्यामागे रांग होती, रांगेत कुणीतरी सारखं खोकत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, ते साल खरं नाही." पाच शब्द. ते ओठांवर आलेही होते. तेवढ्यात साहेबांनी आपलंच पेन उचललं, कोऱ्या जागेत १९९८ लिहिलं आणि शेजारी बरोबरची खूण केली.

"पुढचा," ते म्हणाले.

मी मूग गिळून बाजूला झाले.

ही गोष्ट २०१८ च्या डिसेंबरातली. कृष्णाकाठच्या आमच्या गावात जुन्या एसटी स्टँडचा रस्ता रुंद होणार होता. कडेला बसून विकणाऱ्यांना उठवणार होते आणि त्यांच्यासाठी मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली सिमेंटचे एकोणीस ओटे बांधले होते. बसणारे चाळीसच्या वर. २००५ च्या आधीपासून जो बसतो आणि तसा फोटो किंवा कागद ज्याच्यापाशी आहे, त्याला ओटा. बाकीच्यांनी आपलं बघून घ्यायचं.

माझी आई मालन तिथं सुया, दोरे, बटणं, लेस, नाड्या विकायची. तिच्या पत्र्याच्या पेटीवर आमचं दोघींचं घर आणि माझं बी.कॉम. चाललं होतं. पण आई तिथं बसायला लागली २०१२ साली, माझे वडील वारले त्या वर्षी. नियमाप्रमाणे आम्हाला ओटा मिळायचं काही कारणच नव्हतं. तरी मी फॉर्म भरला, म्हटलं भरायला काय जातं. साल कोरं सोडलं, विचारतील तेव्हा खरं सांगू म्हणून. आणि घरात आईचा छापलेला असा एकच फोटो होता, तो जोडला.

सगळा घोळ त्या फोटोनं केला. खरं म्हणजे मी केला, पण तेव्हा मला तसं म्हणायला जड जात होतं.

फोटो मीच काढलेला, दसऱ्याच्या आधी, फोनवरच्या एका ॲपमधून. ते ॲप उघडलं की पडद्यावर जुन्या स्वस्त कॅमेऱ्याची पाठ दिसायची आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढी काच. त्या इवल्याशा काचेतून बघायचं, बटण दाबायचं, मग रीळ पुढं सरकल्याचा करकर आवाज. फोटो लगेच दिसायचा नाही. चोवीस झाले की रीळ संपायचं आणि दुसऱ्या दिवशी 'धुऊन' मिळायचं. मधेच बघता यायचं नाही, वाईट आला म्हणून पुसता यायचं नाही. फोटोंना पिवळट झाक यायची, एखाद्याच्या कडेला इस्त्रीनं भाजल्यासारखा तांबडा डाग, आणि खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. दिवस आणि महिना आजचा, साल मात्र कायम ९८. जुनं वाटावं म्हणून ॲपवाल्यांनी केलेली गंमत.

ते ॲप वापरणारे आम्ही गावात चौघं होतो. दर गुरुवारी, बाजारपेठ बंद असते त्या दिवशी, मोमीनचाचांच्या फोटो स्टुडिओत आम्ही जमायचो. स्टुडिओ कसला, आता नुसते पासपोर्ट फोटो आणि आधारकार्डाचं लॅमिनेशन. पण चाचांनी चाळीस वर्षं गावातली लग्नं टिपलेली होती. फोनवर हजार फोटो काढून एकही न बघणाऱ्या माणसांचा त्यांना भयंकर राग. हे चोवीस फोटोंचं ॲप औषधाच्या दुकानातल्या विरूपाक्षनं त्यांना दाखवलं तेव्हा म्हातारा लहान पोरासारखा खूश झाला. फक्त तारखेवर चिडला. "दिवस आजचा आणि साल मेलेलं! ही काय थट्टा आहे?" पण साल कसं बदलायचं ते शोधायचा आम्हा तिघांना कंटाळा, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते ९८ आवडायचंही.

चाचांचे नियम कडक. प्रत्येकानं आठवड्याला एक रीळ आणायचं. चोवीसच्या चोवीस फोटो टीव्हीवर लावायचे, एकही वगळायचा नाही. ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी फक्त काय दिसतं ते सांगायचं. सुरुवात कडेपासून. "मधलं कुणालाही दिसतं," चाचा म्हणायचे. आणि 'छान' या शब्दाला बंदी. जो छान म्हणेल त्यानं उठून सगळ्यांना चहा करायचा. निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या घाटगेबाईंनी वर्षभरात इतका चहा केला होता की स्टोव्हशेजारी त्यांचं एप्रनच टांगलेलं असायचं. चाचांनी मात्र एकदाही केला नव्हता.

आईचा तो फोटो लागला त्या गुरुवारी विरूपाक्ष म्हणाला होता, "बाई दोरा दातानं तोडतीय. हसतीय." घाटगेबाई म्हणाल्या होत्या, "मांडीवर बटणांचा डबा." आणि चाचांनी टीव्हीच्या डाव्या कडेवर बोट ठेवून विचारलं होतं, "ही अर्धी छत्री कुणाची? का कापलीस?"

"मधे येत होती, चाचा," मी म्हटलं होतं.

"कोण मधे येतंय ते नीट बघून ठरवावं," एवढंच बोलून त्यांनी मला तो फोटो छापून दिला होता.

ओट्यांची यादी लागली बुधवारी. नोटीस बोर्डापुढं ही गर्दी. चौथं नाव आईचं, पुढं 'सन १९९८'. मला पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. रिळात शेवटचा एक फोटो शिल्लक होता. मी हात उंच करून यादी टिपली. करकर आवाज झाला, रीळ संपलं.

धावत आईकडं गेले. तिनं दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली, माझी दृष्ट काढली. शेजारी आपल्या काळ्या छत्रीखाली शेवंताकाकू पेरू मांडून बसली होती. कमरेत वाकलेली, सुपारीएवढं कुंकू, आवाज मात्र पोलिसाला उठवेल असा.

"काकूचं कितवं नाव हाय गं?" आईनं मला विचारलं.

मी यादी दोनदा वाचली होती. "नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? ती तर माझ्या आधीपासनं..."

"फोटू मागत हुते," शेवंताकाकू म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, माझा कोण फोटू काढतंय? पेरूबरोबर का?" ती हसली. मग एक पेरू पदराला पुसून तिनं आईच्या हातात ठेवला. "तुझं आलं न्हवं? झालं तर. तोंड गोड कर."

आईनं पेरू घेतला पण खाल्ला नाही. तो संध्याकाळपर्यंत पेटीच्या झाकणावर तसाच होता. मी तिथून निघाले ते शेवंताकाकूकडं न बघताच.

गुरुवारी मी स्टुडिओत गेले तेव्हा रिळातला शेवटचा फोटो पार विसरून गेले होते. साध्या फोनवर काढला असता तर कधीच पुसून टाकला असता. इथं पुसायची सोय नव्हती, आणि वगळायचा नाही हा नियम. तेवीस फोटो झाले. चोविसावा टीव्हीवर आला तेव्हा मला आठवलं.

"कागद," विरूपाक्षनं कडेपासून सुरुवात केली. "बोर्डाला चार टाचण्या. एक गंजलेली. एकोणीस नावं."

"चौथं नाव मालनबाईंचं!" घाटगेबाई आनंदल्या. "शीतल, अगं सांगितलं नाहीस!"

"तिनं बोलायचं नाही," चाचा म्हणाले. "पुढं सांगा."

"नावापुढं सन आहेत," विरूपाक्ष वाचत होता. "१९९४. २००१. १९८९. मालनबाईंच्या पुढं १९९८." तो थांबला. "आणि खाली कोपऱ्यात आपलं नेहमीचं नारिंगी. ९८."

घाटगेबाईंनी यादीवरच्या आकड्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या आकड्याकडं, मग माझ्याकडं. त्यांनी मला पाचवीपासून शिकवलं होतं.

"शीतल, तुझा जन्म कोणत्या सालचा?" त्यांनी हळूच विचारलं.

मी गप्प. नियमच होता तसा. त्या नियमामागं लपून बसायला त्या दिवशी मला किती बरं वाटलं!

"अठ्ठ्याण्णवचा," बाईच म्हणाल्या. "म्हणजे त्या साली तुझी आई बाळंतिणीच्या खोलीत होती. स्टँडवर नव्हती."

चाचा टीव्हीजवळ गेले आणि सवयीनं त्यांनी कडा बघितल्या, डावी, उजवी, खालची. "शेवंताचं नाव दिसत नाही," ते म्हणाले. मग खुर्ची माझ्यासमोर ओढून बसले. "आता बोल."

मी सगळं सांगितलं. कोरं साल, कुरणेसाहेबांचं पेन, पाच शब्द. सांगता सांगता रडले, आणि रडताना वाटत होतं, आता चाचा म्हणतील, जाऊ दे बेटा, चूक होते माणसाकडून. त्यांनी वेगळंच विचारलं.

"हरकत कधीपर्यंत घेता येते?"

"सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत."

"नुसतं जाऊन चूक झाली म्हणालीस तर तुझ्या आईचं नाव कटेल आणि विसाव्या नंबरच्या कुणाचं तरी येईल. शेवंताला काय मिळणार?"

"काही नाही."

"तिला पुरावा पाहिजे."

"तिचा फोटोच नाही, चाचा."

"तिनं काढून घेतलेला नाही," चाचा म्हणाले. "तिच्यासमोरनं चाळीस वर्षं वराती गेल्या. त्या कुणी टिपल्या? ऊठ, माळ्यावर शिडी लाव."

माळ्यावर सात ट्रंका होत्या. आत पाकिटं आणि पाकिटांत निगेटिव्ह. निम्म्या पाकिटांवरची नावं झुरळांनी खाल्लेली. चाचांनी काचेखाली ट्यूबलाइट लावलेलं एक जुनं खोकं काढलं आणि फडक्यानं पुसलं.

"निगेटिव्हमधे सगळं उलटं," ते मला म्हणाले. "चेहरे काळे, केस पांढरे. म्हणून चेहरा शोधायचा नाही. शेवंताची छत्री काळी. कापड चारदा बदललं असेल, रंग तोच. तू पांढरी छत्री शोध."

"पण तारीख? निगेटिव्हवर साल कुठं असतं? कुरणेसाहेब म्हणतील, कशावरून?"

म्हातारा पहिल्यांदाच हसला. "माणसाला कुठली तारीख पाठ असते? लग्नाची. विसरली तर बायको आठवण देते. कुरणेची वरात मीच टिपलीय, सत्त्याण्णव साली. भरदुपारी, घोड्यावरून, जुन्या स्टँडवरून. दोन रिळं होती. आधी ती शोधायची."

गुरुवारची दुपार, सगळा शुक्रवार, शनिवार. कॉलेज बुडवलं. आईला सांगितलं, चाचांकडं कपाटं लावायची आहेत. विरूपाक्ष दुकान सुटल्यावर यायचा, घाटगेबाई डबा घेऊन यायच्या. कुरणेसाहेबांचं पहिलं रीळ शुक्रवारीच सापडलं. मंगलाष्टकं, हळद, जेवणाच्या पंगती. वरातीचा एकही फोटो नाही.

"दुसऱ्या रिळात असणार," चाचा म्हणाले.

दुसरं रीळ मिळेना. शनिवारी संध्याकाळपर्यंत सहा ट्रंका झाल्या. बोटांना धूळ आणि औषधाचा आंबूस वास, डोळ्यांपुढं काळ्या तोंडाच्या नवऱ्या नाचायच्या. विरूपाक्ष म्हणाला, "राहू दे शीतल. आपण प्रयत्न तर केला."

"सातवी ट्रंक आहे अजून," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी काही फार सत्यवादी मुलगी नव्हते. पण त्या तीन दिवसांत माझ्या मनानं घट्ट धरलं होतं की मी तोंड मिटलं म्हणून कापली गेलेली बाई मीच शोधून आणणार. ती सापडल्याशिवाय मला आईसमोर उभं राहता येणार नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमाराला, सातव्या ट्रंकेत, 'स्नेहसंमेलन, मुलींची शाळा' असं लिहिलेल्या पाकिटातून एक पट्टी बाहेर आली. मी ती उजेडावर धरली. घोडा. घोड्यावर काळ्या तोंडाचा नवरदेव. मागं बँड. मी सवयीनं डाव्या कडेकडं सरकले, आणि तिथं, एका सबंध पांढऱ्या छत्रीखाली, एक बाई कपाळाला आडवा हात लावून घोड्याकडं बघत होती. काळ्या कपाळावर पांढुरका ठिपका, सुपारीएवढा.

"चाचा!" मी ओरडले. चाचांनी भिंग लावून बघितलं आणि नुसती मान डोलावली. घाटगेबाईंनी मला जवळ घेतलं. विरूपाक्षनं निगेटिव्ह उजेडावर ठेवून टिपलं, फोनवर सुलटं केलं, चाचांनी मोठ्या कागदावर छापलं. शेवंताकाकू बावीस वर्षांनी तरुण होऊन बाहेर आली. ताठ बसलेली, आणि हसतही होती.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी दारातच बसले आणि सांगून टाकलं. मला कसंही करून ते भाकरी संपायच्या आत सांगायचं होतं, कारण तिचे हात मोकळे झाले असते तर माझी हिंमत झाली नसती.

आईनं हात थांबवले नाहीत. एक भाकरी उलटली. दुसरी थापली.

"तू तितंच का न्हाई बोललीस?"

"बोलता आलं नाही."

"बोलता आलं न्हाई, का बोलायचं नव्हतं?"

"नव्हतं बोलायचं," मी म्हटलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. आईनं ती काढली नाही. "आन मग मी बसू कुठं?" ती म्हणाली. "रस्त्यावरनं उठवणार. ओटा जाणार. पेटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडू? तुझं शेवटचं वरीस हाय." तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. मी पुढं होऊन भाकरी काढली, माझी बोटं भाजली.

सकाळी मी तयार होऊन बघते तर आई लग्नाकार्याला नेसते ते हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. पेटीला कुलूप.

"तू कशाला येतीस? मी एकटी जाते."

"नाव माझं हाय त्या यादीत," आई म्हणाली. "चल. वाटेत शेवंताला घ्यायचीय."

कुरणेसाहेबांच्या टेबलापुढं आम्ही चौघं उभे राहिलो. मी, आई, मोमीनचाचा आणि शेवंताकाकू. काकूला आपल्याला कशाला आणलंय ते धड कळलं नव्हतं. ती सारखी म्हणत होती, "माझे पेरू उन्हात हाईत."

मी रात्री लिहिलेला अर्ज पुढं केला. "साहेब, मी जोडलेला फोटो यंदाच्या दसऱ्याच्या आधीचा आहे. फोनमधल्या ॲपनं काढलेला. ते ९८ साल खोटं आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प राहिले. चूक माझी आहे. आईला माहीत नव्हतं."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर आणला. "याला फसवणूक म्हणतात. कळतं का? गुन्हा होऊ शकतो."

"कळतं. म्हणून लिहून आणलंय. खाली सही आहे."

"आणि हे काय?" त्यांनी दुसरा फोटो उचलला. मी काही सांगायच्या आत ते खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, हा तर मी! ही माझी वरात! मोमीन, ही पट्टी मी लग्नापासून मागतोय तुमच्याकडं!"

"काल सापडली," चाचा म्हणाले. "तारखेचं काय, तेवढं बघा. फोटोवर तारीख नाही."

"सोळा फेब्रुवारी सत्त्याण्णव, रविवार! माझ्या लग्नाची तारीख मला शिकवता?"

"साहेब," मी म्हटलं, "आता डावी कड बघा."

साहेबांनी डावी कड बघितली. फोटो बघून त्यांनी समोरच्या वाकलेल्या बाईकडं बघितलं आणि पुन्हा फोटोकडं. शेवंताकाकूनंही मान लांब केली.

"अगं बया," ती म्हणाली, "ही मी हाय व्हय?" तिनं फोटोतल्या आपल्या चेहऱ्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, डाग पडेल म्हणून.

साहेबांनी फोटो खाली ठेवला. मग तांबडं पेन काढलं. "म्हणजे मालनबाई, तुमचं नाव मला कापावं लागणार. यांचं तिथं लागेल. पत्ता, वय सगळं परत लिहावं लागेल."

"मालनचं कापून?" शेवंताकाकूच्या ध्यानात आता आलं. "न्हाई, न्हाई! माझ्याकरता कुणाचं कापू नका. मला नको असला वटा."

"तू गप बस, काकू," आई म्हणाली. मी तिला काकूवर आवाज चढवताना पहिल्यांदाच ऐकलं. ती साहेबांकडं वळली. "साहेब, माझा मालक गेला तवा तेराव्याच्या दुसऱ्या दिशी मी ही पेटी घेऊन स्टँडवर आले. कुनी बसू देईना. ज्याच्या त्याच्या जागा. मी रस्त्यात उभी आन ऊन असं. तवा ह्या बाईनं काय केलं? बोलली न्हाई काई. आपला पेरूचा डालगा दोन हात बाजूला सरकवला, छत्री वाकडी केली आन मला म्हटली, बस. सहा वर्सं मी हिच्या छत्रीखाली बसतीया. हिची जागा हाय ती. माझी कधीच नव्हती." तिनं पदर सावरला. "कापा."

ही गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती. मी फोटोतून ती छत्री कापली होती, मधे येते म्हणून. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. साहेबांनी तांबडी रेघ मारली ती मी डोळे न मिटता बघितली. निदान तेवढं मी स्वतःला चुकवू दिलं नाही.

माझ्यावर गुन्हा झाला नाही. अर्जावर शेरा पडला, 'समज देऊन सोडले'. वरातीच्या फोटोची एक प्रत साहेबांनी घरी नेली.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी रस्त्यावरच्या सगळ्यांना उठवलं आणि ओट्यांचा ताबा दिला. आईनं पेटी बांधून घरी ठेवली होती. ती शेवंताकाकूचं सामान उचलायला म्हणून गेली, मीही गेले. चौथ्या ओट्यावर काकूनं पेरूचा डालगा ठेवला. वर पत्रा होता, पण पश्चिमेकडून तिरकं ऊन आत येत होतं. तिनं खांबाला छत्री बांधली. मग डालगा दोन हात सरकवला.

"मालन, पेटी कुठं हाय तुझी?"

"काकू, तसं चालत न्हाई. ज्याच्या नावावर त्यानंच बसायचं," आई म्हणाली. ताबा द्यायला आलेले कुरणेसाहेब शेजारीच कागदावर अंगठे घेत होते.

"ओ साहेब!" शेवंताकाकूनं तो पोलिसाला उठवणारा आवाज काढला. "माझ्या वट्यावर मी कुणाला सावली द्यावी, ते बी लिवलंय का तुमच्या कागदात?"

साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. उगाच. "नाही," ते म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही," आणि पाचव्या ओट्याकडं वळले.

"पोरी, बघत काय बसलीस?" काकू माझ्यावर खेकसली. "पेटी आण जा."

त्या गुरुवारी माझ्या रिळात एकच फोटो महत्त्वाचा होता, चोविसावा. मी गप्प बसले.

"कडेला सिमेंटचा खांब," विरूपाक्ष म्हणाला. "खांबाला सुतळी."

"छत्री," घाटगेबाई म्हणाल्या. "सबंध. तिच्याखाली दोघी. एकीच्या हातात पेरू, दुसरीच्या दातात दोरा." त्यांनी वाकून कोपरा बघितला. "आणि साल आहे १९."

सेटिंगमधलं साल मी डिसेंबरातच बदललं होतं. त्याला दोन मिनिटं लागली होती.

चाचा टीव्हीपाशी गेले. डावी कड बघितली, उजवी बघितली, वरची, खालची.

"छान," ते म्हणाले, आणि एप्रन घेऊन स्टोव्ह पेटवायला गेले.